रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला कायमचे घर : कागदापासून किल्लीपर्यंतची वाट

जोहे, हमरापूर, कळवे ही गावे गणपतीच्या मूर्तींसाठी महाराष्ट्रभर ओळखली जातात. हंगामात इथले कारखाने रात्रंदिवस चालतात, बाहेरगावचे कामगार येतात आणि कारखान्यातच साच्यांच्या शेजारी अंथरूण टाकतात. हंगाम संपला की त्यातले बरेच घरी जातात. काहींना जायला घरच नसते. ते कधी हायवेच्या एसटी थांब्यावर, कधी पेण-रोह्याच्या स्टेशनावर, तर कधी दुकानाच्या ओट्यावर दिसतात.

असा एक म्हातारा आमच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावरच्या एसटी थांब्यात तीन वर्षे झोपायचा. आमच्या मोहल्ल्यातून रमजानमध्ये त्याला इफ्तारी जायची, थंडीत चादर जायची, ईदला नवे कपडे जायचे. सगळे त्याला 'चाचा' म्हणत. एका पावसाळ्यात तो तापाने फणफणला, म्हणून चार पोरांनी त्याला दवाखान्यात नेले. तिथे फॉर्म भरताना पहिलाच प्रश्न आला : पूर्ण नाव? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. गाव? माहीत नाही. नातेवाईक? माहीत नाही. तीन वर्षे आम्ही त्याला जेवू घातले, पण त्याचे नाव कोणी विचारले नव्हते. पुढच्या हिवाळ्यात तो थांब्यावर दिसला नाही. शोधायचे तरी कोणत्या नावाने?

हा लेख त्या शरमेतून लिहिला आहे. जेवण, चादर, औषध हे सगळे हवेच. पण माणूस रस्त्यावरून उठून घरात जातो तो तीन गोष्टींमुळे : कागद, जागा आणि घर मिळाल्यानंतरही टिकणारी सोबत. यांतले एकही सुटले तर तो पुन्हा रस्त्यावर येतो. म्हणून कायदे, योजना आणि करायच्या गोष्टी इथे एका ठिकाणी मांडतो आहोत.

बेघर कोणाला म्हणायचे?

जनगणनेची व्याख्या सोपी आहे. जी माणसे इमारतीत किंवा घरात राहत नाहीत, तर उघड्यावर, रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, प्रार्थनास्थळांच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर राहतात, ती बेघर. २०११ साली अशा लोकांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे मोजली गेली, त्यांतली महाराष्ट्रातली सुमारे २ लाख १० हजार. एका रात्रीत जेवढे दिसले तेवढेच मोजले गेले. जो त्या रात्री आडोशाला होता, तो आकड्यात आलाच नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. देशातल्या या बेघरांपैकी ८ लाखांहून जास्त माणसे ग्रामीण भागात मोजली गेली होती. बेघरपणा हा फक्त मुंबईचा प्रश्न आहे, आपल्याकडे तसे काही नाही, असे आपण म्हणतो ते खरे नाही.

आपल्या भागात बेघर कोण?

पेण-रोह्याकडे पाहिले तर ढोबळमानाने चार प्रकारची माणसे दिसतात.

पहिली, हंगामी मजूर : मूर्तीचे कारखाने, बांधकाम, हायवेची कामे यांसाठी आलेली आणि काम संपल्यावर अडकलेली.

दुसरी, म्हातारी माणसे : मुलांनी घराबाहेर काढलेली किंवा मागे कोणीच न उरलेली. यांत विधवा बायाही असतात. आपल्या समाजात असे होत नाही, हा गैरसमज आहे.

तिसरी, मन आजारी असलेली : रोहा हे मध्य रेल्वेचे टोक आणि कोकण रेल्वेची सुरुवात. गाडीत बसून कुठून कुठे आलेली, स्वतःचे नाव-गाव सांगू न शकणारी माणसे अशा स्टेशनांवर उतरतात.

चौथी, कातकरी कुटुंबे : ही पूर्वापार इथलीच. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. दिवाळीनंतर ठेकेदाराची उचल घेऊन अख्खे कुटुंब वीटभट्टीवर जाते, कच्च्या विटा रचून केलेल्या खोपटात राहते आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाडीवर परतते. वाडीवर झोपडी असते, पण अनेकदा तिच्याखालची जमीन त्यांच्या नावावर नसते. ती खाजगी मालकाची, वनखात्याची किंवा जुन्या दळीची असते. मालकाने जमीन विकली की अख्खी वाडी उघड्यावर येऊ शकते. आमच्या शिक्षकी पेशात हे जवळून दिसते. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरीपटावर काही नावांपुढे गैरहजेरीची रांग लागते. ती मुले भट्टीवर गेलेली असतात.

चौघांची गरज वेगळी आहे. मजुराला भाड्याची खोली आणि काम, म्हाताऱ्याला पेन्शन आणि देखभाल, आजाऱ्याला उपचार, तर कातकऱ्याला जमिनीचा कागद हवा असतो. सगळ्यांना एकच चादर देऊन हे भागत नाही.

कायदा काय सांगतो?

इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, आणि तो आपल्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. आंबेतचे बॅ. अ. र. अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते त्यांच्याच काळात. १९८० साली त्यांनी संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. निराधार माणसाला दरमहा पैसे देणारी ही योजना आजही लाखोंचा आधार आहे. आणि त्याच सरकारने जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. अंतुले साहेबांविषयी आपल्याला प्रेम आहे, म्हणून पहिली गोष्ट आपण आवडीने सांगतो. दुसरीही सांगायला हवी.

या हकालपट्टीविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवासी कोर्टात गेले. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला : उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेने नाही, काम जवळ असते म्हणून. मात्र त्याच निकालात असेही म्हटले होते की फुटपाथ अडवण्याचा हक्क कोणाला नाही आणि रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवता येतील. म्हणजे तत्त्व मिळाले, छप्पर मिळाले नाही.

पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरांत १ लाख लोकसंख्येमागे किमान एक, बारा महिने आणि चोवीस तास चालणारे निवारागृह हवे, असे सांगितले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, स्वच्छतागृह, स्वयंपाकाची सोय असे निकष आले. आता हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत पेण शहराची लोकसंख्या ३८ हजारांच्या आसपास, रोह्याची त्याहून कमी. लाखाला एक या मापात आपली गावे बसतच नाहीत. म्हणून इथल्या बेघराला निवारा देण्याची जबाबदारी नगरपालिका, ग्रामपंचायत आणि आपल्यासारख्या शेजाऱ्यांवर जास्त येते.

एक कायदा उलट्या बाजूचाही आहे. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम महाराष्ट्रात लागू आहे. उघड साधन नसताना भटकणाऱ्यालाही त्यात भिकारी ठरवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्या कायद्याची बरीच कलमे रद्द केली, महाराष्ट्रात मात्र तो आहे. कोणाला या कायद्याखाली उचलले तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागता येतो. विधी सेवेची राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे.

भायखळ्याच्या बायांनी काय केले?

कोर्टाच्या निकालानंतर जे घडले, ते प्रत्येक मोहल्ला कमिटीने समजून घ्यावे असे आहे. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांबरोबर 'स्पार्क' ही संस्था १९८४ पासून काम करत होती. शीला पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. या बायांत मुस्लिम बायाही मोठ्या संख्येने होत्या. आपली घरे केव्हाही तुटतील हे दिसत असताना त्यांनी पहिले काम केले ते मोजणीचे. १९८५ साली सुमारे ६ हजार कुटुंबांची, म्हणजे २७ हजारांच्या आसपास माणसांची नोंद झाली. कोण कुठून आले, किती वर्षे झाली, काम काय, कमाई किती, हे सगळे लिहिले गेले. 'हे लोक आज येतात, उद्या जातात' असे म्हणणाऱ्यांना त्या कागदांनीच उत्तर दिले.

मग 'महिला मिलन' उभे राहिले. रोज रुपया-दोन रुपये बचत. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनी रंगीत कागदाच्या तुकड्यांवर हिशेब ठेवला, एकेका रंगाची एकेक किंमत. घर कसे हवे हे त्यांनी स्वतः ठरवले. लुगडी-साड्यांनी जागा मोजली, खऱ्या मापाचे नमुना-घर उभे करून लोकांना दाखवले. खोली लहानच मिळणार, तर छत उंच घ्या आणि आत माळा काढा, म्हणजे झोपायला जागा होते, हे त्यांचेच डोके. जोकिन अर्पुथम यांची राष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघटना त्यांच्यासोबत होती. १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवर राहणारेही पात्र धरले गेले, आणि अखेर मानखुर्दच्या मिलन नगरात पक्की घरे मिळाली. पहिल्या मोजणीपासून किल्ली हातात येईपर्यंत सुमारे दोन दशके गेली.

यातून घ्यायचा धडा असा : आधी नोंद, मग बचत, मग जागेची मागणी. आणि ज्याला राहायचे आहे त्यालाच विचारून घर ठरवायचे. दान देणाऱ्याने ठरवलेले घर टिकेलच असे नाही.

पहिली पायरी : कागद

घर नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून घर नाही. हे चक्र तोडायला कायद्यात वाटा आहेत. त्या लोकांना ठाऊक नसतात, एवढेच.

मतदार यादी : बेघर माणूसही मतदार होऊ शकतो. नमुना ६ मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, रात्री तिथे जाऊन तो खरोखर तिथेच झोपतो का हे पाहतो. तसे दिसले तर पत्त्याचा वेगळा पुरावा मागितला जात नाही. आपल्यातले कितीतरी शिक्षक बीएलओचे काम करतात. त्यांना हा नियम माहीत असला तर एक रात्र जागून एका माणसाला नागरिक म्हणून उभे करता येते.

आधार : पत्त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र चालते. सरपंच, नगरसेवक, आमदार, खासदार, तहसीलदार किंवा राजपत्रित अधिकारी, तसेच मान्यताप्राप्त निवारागृहाचे अधीक्षक ते देऊ शकतात. आधार आधीच निघालेले असून हरवले असेल तर बोटांच्या ठशांवरून ते शोधता येते. नवे काढण्याआधी हे जरूर विचारावे.

रेशन : अत्यंत गरीब आणि निराधार कुटुंबाला अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत करायचा. परराज्यातले कार्ड असेल तर 'एक देश एक रेशन कार्ड'खाली इथल्या दुकानातही धान्य घेता येते.

बँक : जनधन खाते शून्य शिल्लकीवर निघते. पेन्शन आणि घरकुलाचे हप्ते खात्यातच येतात, म्हणून खाते आधी उघडा.

फाइल कशी करायची? एक साधी प्लास्टिकची फाइल घ्या. पूर्ण नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, तालुका, कोण नातेवाईक, कोणते आजार, कोणती औषधे, हे एका पानावर लिहा. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढा. मूळ कागद पावसात भिजतात, चोरीला जातात, म्हणून माणसाची मर्जी असेल तर मस्जिदीच्या किंवा शाळेच्या कपाटात ठेवा. कागद त्याचा आहे, मागेल तेव्हा परत मिळालाच पाहिजे. आणि त्याला विचारल्याशिवाय त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नका.

दुसरी पायरी : महिन्याचा आधार

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ६५ वर्षांखालील निराधार, दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी अशांना दरमहा अनुदान मिळते. ६५ च्या पुढे श्रावणबाळ योजना. २०२३ मध्ये ही रक्कम १,५०० रुपये झाली. वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य, या अटी आहेत. फुटपाथवरचा माणूस अडकतो तो या वास्तव्याच्या दाखल्यावर. जुना दवाखान्याचा कागद, शाळेचा दाखला, मतदार यादीतले जुने नाव, जे मिळेल ते जमवा.

म्हाताऱ्या आई-बापाला मुलांनी बाहेर काढले असेल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे होतो, वकील लावायची गरज नसते, आणि मुलांना दरमहा निर्वाहखर्च देण्याचा आदेश होऊ शकतो. 'सांभाळीन' या अटीवर घर लिहून घेऊन मग सांभाळ न करणाऱ्याचे बक्षीसपत्रही रद्द होऊ शकते. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. पण आधी जमातीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी त्या मुलाच्या घरी जाऊन बसावे. अनेकदा कागदाआधी माणसांचे बोलणे काम करते.

तिसरी पायरी : जागा आणि घर

ग्रामीण भागात मुख्य योजना प्रधानमंत्री आवास, ग्रामीण. २०१६ पासून सपाट भागात घराला १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. त्याखेरीज शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची मजुरी. किमान २५ चौरस मीटरचे घर. या योजनेत निवारा नसलेली कुटुंबे, भिक्षेवर जगणारे निराधार, आदिम जमाती आणि मुक्त झालेले वेठबिगार यांना आपोआप पात्र धरण्याची तरतूद आहे. अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रीय पातळीवर १५ टक्के निधी राखीव ठेवण्याचीही तरतूद आहे. पण यादी ग्रामसभेत ठरते, आणि ग्रामसभेला आपली माणसे जात नाहीत. जो जात नाही त्याचे नाव कोण घेणार?

याशिवाय अनुसूचित जमातींसाठी शबरी, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, आणि इतर मागासवर्गासाठी २०२३ पासून मोदी आवास या योजना आहेत. मुस्लिमांतल्या ज्या बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, त्यांनी जातीचा दाखला काढून ही वाटही तपासावी. महाराष्ट्रात आदिम जमाती तीन : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये 'पीएम जनमन' सुरू झाले, त्यात घराला २ लाख रुपये आहेत.

पण पैसे मंजूर होऊनही घर का उभे राहत नाही? कारण जमीन. घरकुल बांधायला स्वतःच्या नावाची किंवा गावठाणातली जागा लागते. त्यासाठी चार वाटा आहेत :

एक, पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना. भूमिहीन लाभार्थ्याला जागा घ्यायला मदत मिळते. ती आधी ५० हजार होती, नंतर १ लाखापर्यंत वाढली. पेणच्या आसपास, मुंबईला लागून असलेल्या पट्ट्यात, जमिनीचे भाव पाहता ही रक्कम फार तोकडी पडते. म्हणून अर्धा-पाऊण गुंठा योग्य भावात देणारा भला माणूस शोधणे हेच खरे काम.

दोन, सरकारी जागेवरचे जुने निवासी अतिक्रमण नियमित करणे. १ जानेवारी २०११ पूर्वीच्या घरांसाठी २०१८ चा शासन निर्णय आहे. घरपट्टी, वीजबिल, जुन्या नोंदी हे पुरावे.

तीन, गावठाणाची हद्द वाढवणे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. रायगड-ठाण्यातल्या कातकरी वाड्यांनी आपल्या वाडीला गावठाण म्हणून मान्यता मिळावी यासाठी हा मार्ग धरला आहे.

चार, वनजमिनीवर राहणाऱ्या आदिवासींसाठी २००६ चा वनहक्क कायदा. त्यात शेतीइतकाच राहण्याच्या जागेचाही दावा करता येतो.

एकट्या माणसाला मात्र घरकुलापेक्षा भाड्याची खोली लवकर मिळते. इथे अडचण असते ती डिपॉझिटची आणि जामिनाची. अनोळखी माणसाला कोण खोली देणार? जमातीने घरमालकाशी बोलावे, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार त्या माणसाच्या नावाने करावा, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी, आणि पहिले सहा महिने भाडे थकले तर भरायची हमी घ्यावी. एवढ्याने अनेक दारे उघडतात.

मन आजारी असेल तर

रस्त्यावर स्वतःशी बोलत फिरणाऱ्या माणसाला आपण 'मजज़ूब' म्हणतो किंवा 'वेडा' म्हणतो, आणि दोन्ही वेळा पुढे निघून जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०० सांगते की असा माणूस दिसला तर त्याला संरक्षण देणे, २४ तासांत सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला नेणे आणि त्याचे घर शोधणे ही पोलिसांची जबाबदारी आहे. ११२ वर फोन करताना हे कलम नावाने सांगा. मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६.

आपल्याच जिल्ह्यात, कर्जतला, श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र २००६ पासून चालू आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये ही संस्था सुरू केली. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आणायचे, उपचार करायचे, आणि बरे वाटून नाव-गाव आठवले की देशात कुठेही असो, घरापर्यंत पोचवायचे, हे त्यांचे काम. डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामातून दिसते ते असे : अनेकांना नवे घर नको असते. त्यांचे घर कुठेतरी असतेच, आणि तिथे कोणीतरी वाटही बघत असते. हरवले असते ते मधले औषध.

चौथी पायरी : घर मिळाल्यावर

सगळ्यात जास्त चूक इथे होते. किल्ली दिली, फोटो काढला, काम संपले. वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेला माणूस पहिल्या काही रात्री बंद खोलीत झोपू शकत नाही. वीजबिल म्हणजे काय, शेजाऱ्याशी कसे वागायचे, गॅस कसा बंद करायचा, हे त्याला पुन्हा शिकावे लागते. ओळखीची माणसे जुन्या थांब्यावर असतात, म्हणून तो तिकडे परततो. दारूचे व्यसन असेल तर तेही सोबत येते.

'आधी सुधारा, मग घर देऊ' असे आपण म्हणतो. फिनलंडने २००८ पासून उलटे केले : आधी घर, भाडेकरार त्याच्या नावाने, मग उपचार आणि कामाची मदत. १९८७ मध्ये तिथे १८ हजारांच्या आसपास बेघर होते, २०२३ पर्यंत ती संख्या साडेतीन हजारांच्या आसपास आली. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, हे खरे. पण दर आठवड्याला एकाने जाऊन चहा प्यायचा, याला कुठे पैसा लागतो? पहिले वर्षभर ठरलेल्या दिवशी ठरलेला माणूस जायलाच हवा.

जमातीने, मोहल्ल्याने काय करावे?

मदिन्यात मस्जिदे नबवीच्या सुफ्फ्यावर घर नसलेले सहाबा राहत, हे आपण मुलांना शिकवतो. त्या चबुतऱ्यावर नुसते जेवण नव्हते, तालीमही होती. जकातीच्या आठ हकदारांत फकीर, मिस्कीन, कर्जदार आणि मुसाफिर येतात. रस्त्यावरचा माणूस यांतल्या एका तरी नावात बसतोच. डिपॉझिट, भाडे यांसाठी जकात कशी द्यायची, हे आपल्या मस्जिदीच्या आलिमांना विचारून ठरवा. कोकणात शाफई मसलक पाळणारे बहुसंख्य आहेत, तेव्हा मसला तिथल्याच आलिमांकडून घ्यावा. नफली सदक्याला तशा अटी नाहीत, आणि तो गैरमुस्लिमालाही देता येतो. कातकऱ्याच्या घराचा कागद करायला धावणे हेही सवाबचे काम आहे.

थोडक्यात :

१. पाच जणांची समिती करा. त्यात दोन बाया असाव्यात, एक शिक्षक आणि एक तहसील-पंचायतीची कामे जाणणारा.

२. थंडीतल्या एका रात्री गाव फिरा आणि कोण कुठे झोपते ते लिहा. नाव आधी विचारा, चादर मग द्या.

३. प्रत्येकाची फाइल करा. एका माणसाची जबाबदारी एकाच घराकडे द्या. सगळ्यांची म्हटली की कोणाचीच राहत नाही.

४. मूल एकटे दिसले तर १०९८, बाई संकटात असेल तर १८१. स्वतःच्या घरी परस्पर ठेवून घेऊ नका.

५. ग्रामसभेला जा. घरकुलाची यादी वाचली जाते तेव्हा उभे राहून नाव घ्या, आणि ठरावाची नक्कल मागा.

६. बचत सुरू करा. महिन्याला घरटी ५० रुपये म्हटले तरी ४० घरांतून वर्षाला २४ हजार होतात. एका खोलीचे डिपॉझिट त्यात निघू शकते.

७. खोली मिळाल्यावर वर्षभर दर आठवड्याची भेट वहीत लिहा.

या सातांपैकी सगळे जमले नाही तरी दुसरे तेवढे यंदाच्या थंडीत नक्की करू. आम्ही वही आणली आहे. पहिल्या पानावर वरची ओळ रिकामी ठेवली आहे, कारण चाचांचे नाव आम्हाला अजूनही माहीत नाही. दुसऱ्या ओळीपासून लिहायला सुरुवात करायची आहे.